पंचेचाळीस अक्षांशावरच्या कुरडया

आमच्या घरात उन्हाची जबाबदारी माझ्याकडे होती.

२००४ सालचा एप्रिल. आम्ही मिनेसोटात, ईडन प्रेरीला राहत होतो. माझ्या बायकोला, मधुराला, सातवा महिना लागला होता आणि डोहाळे फक्त कुरडईचे. तीही विकतची नको, घरचीच हवी! बाळंतपणासाठी नागपूरहून आलेल्या आईनं पदर खोचून गहू भिजवले आणि मग खिडकीबाहेर पाहिलं.

"काहून रे प्रशांत, वाळतील ना इथं? शनिवारी डोहाळजेवण आहे."

"आई, नागपूरला सूर्य साडेसहाला मावळतो, इथे आठला! जास्त तास म्हणजे जास्त ऊन. सिंपल! उन्हाचं मी बघतो." (मी इंजिनियर आहे, हे एव्हाना लक्षात आलं असेल.)

रविवारी सकाळी आईनं साडीवर माझं जाकीट चढवलं, कानटोपी घातली आणि डेकवरच्या पांढऱ्या चादरीवर सोऱ्यानं कुरडया घातल्या. आभाळ निरभ्र, ऊन डोळे दिपवणारं! पार्किंगच्या कोपऱ्यात अजून बर्फाचा ढीग होता, पण त्याच्याकडे मी दुर्लक्ष केलं. दुपार झाली तरी कुरडया होत्या तशाच, ओल्या आणि वर गारठलेल्या!

"ऊन तिरपं येतंय," मी जाहीर केलं. "आपण कुरडया तिरप्या करू!"

इस्त्रीचं टेबल दक्षिणेकडे कलतं करून मी त्यावर चादर अंथरली. शास्त्र अचूक होतं, पण कुरडयांना ते ठाऊक नव्हतं. आधी एक घसरली, मग तिच्या मागोमाग सगळ्या, आणि कठड्याखालून थेट खालच्या मजल्यावरच्या गॅरीच्या बार्बेक्यूवर!

गॅरीनं वर पाहिलं. "कूल! सोलर पॅनेल?"

"नो. फूड!"

गॅरी घरात गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.

मी आईकडे वळलो, तर ती कुरडया सोडून स्वतःच्या सावलीकडे बघत उभी होती.

"भर दुपारी सावली अशी आडवी? आपल्याकडे मे महिन्यात पायाखाली येते रे! हा सूर्य तोच ना?"

"तोच. पण आपण विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या बरोब्बर मध्ये उभे आहोत. तेच ऊन इथे जास्त जागेवर पसरतं, म्हणून पातळ होतं."

"एवढ्याशा कलण्यानं तिकडे संत्री आणि इकडे बर्फ?" आईनं चक्क हात जोडले. माझ्याही अंगावर काटा आला. शाळेत हे पाठ केलं होतं, पण पायाखालची पृथ्वी गोल आहे हे मला त्या डेकवर पहिल्यांदा जाणवलं. आम्ही मायलेक कितीतरी वेळ तसेच बघत राहिलो.

"तुम्ही दोघं सूर्य बघा!" मधुरा दारातून ओरडली. तिचे डोळे भरले होते. "मला नकोच कुरडई! मी गाडीत जाऊन बसते!"

आम्ही तिच्यामागे धावलो, तोवर ती लालबुंद होऊन गाडीतून बाहेरही आली होती.

"बाई गं, काय उकडतंय आत! अगदी नागपूर!"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी गाडीकडे पाहिलं. उरलेल्या चिकाच्या कुरडया ताटांत घातल्या गेल्या, आणि डॅशबोर्डपासून मागच्या काचेपर्यंत गाडी भरली. बंद काचांआड त्या खडखडीत वाळल्या!

शनिवारी मधुराच्या ताटात पांढरीशुभ्र, टम्म फुललेली कुरडई पडली. तिनं एक घास मोडला, डोळे मिटले आणि म्हणाली, "आई, जमलं!" आईनं डोळे पुसले. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही.

बरोबरच होतं. तो आठवडाभर मी ऑफिसला बसनं जात होतो. घरात उन्हाचं खातं आता गाडीकडे गेलं होतं, आणि माझ्याकडे फक्त रोज संध्याकाळी तिचं तोंड दक्षिणेला आहे ना, एवढं बघून यायचं काम उरलं होतं.