कातळावरचं कोमट पाणी

१२ डिसेंबर १९४६. घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर नेऊन धुवायच्या होत्या. नाताळच्या आधी हे काम दरवर्षी माझ्याकडे, कारण मी थोरली सून. धाकटी जाऊ मात्र गळाची काठी घेऊन माझ्यापुढे निघून गेली होती आणि तिला कोणी अडवलं नव्हतं.

सासरे तापातून नुकतेच उठले होते. भाकरी पुढे केली की तोंड फिरवायचे; माशाचा रस्सा तेवढा पोटात जायचा. मासे धाकटी आणायची. रस्सा मी करायची. मसाला मी वाटायचा, चुलीचा धूर मी खायचा आणि ताट पुढे ठेवलं की सासरे म्हणायचे, "धाकटीच्या हाताला गुण हाय." एकदा तरी त्यांनी माझा मासा खावा आणि तसं बोलून दाखवावं, एवढंच मला हवं होतं.

त्यासाठी आधीचे काही दिवस मी पहाटे उठून डोहावर गळ टाकून बसत होते. माझं माहेर शेवगावकडचं. नदीशी आमचा संबंध नाही, आम्हाला विहीर ठाऊक. थंडीत पहाटे विहिरीचं पाणी वाफाळत वर येतं. तेव्हा खोल पाणी ते उबदार, मासे तिथेच असणार, असा माझा हिशेब. माझे हात बधिर व्हायचे आणि गांडूळ जसंच्या तसं वर यायचं.

रिकामी परत आले की धाकटी विचारायची, "आक्का, डोहात घागर पडली व्हती का?" सासरेसुद्धा हसायचे.

त्या दुपारी गुडघाभर पाण्यात गोधड्या खळबळताना पायांत कळा येऊ लागल्या. तुडवायला म्हणून काळ्या कातळावर सरकले, तर तिथलं घोटाभर पाणी चक्क कोमट. कातळ सकाळपासून उन्हात तापला होता. बारकी मासळी माझ्या पायांना टोचत होती आणि तिच्यामागे एक लांब सावली हळूहळू फिरत होती. त्याच कातळाच्या दुसऱ्या टोकाला धाकटी बसली होती. माझ्या डोळ्यांदेखत तिने हातभर मरळ बाहेर ओढली.

"अगं, हे मला सांगायला काय झालं होतं?"

"तुमी कुठं इचारलं, आक्का? आमी उठायच्या आत तुमी डोहावर!"

संध्याकाळी सासऱ्यांनी रस्सा दोनदा मागून घेतला आणि पुन्हा तेच वाक्य म्हटलं. मी वाढत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काही घाई केली नाही. चहा झाला, झाडलोट झाली. मग ज्वारीची पाटी शिगोशीग भरून जात्यापाशी ठेवली.

"नाताळचं पीठ. आजच झालं पाहिजे," मी धाकटीला सांगितलं.

तिने पाटीकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या काठीकडे. "लई दळण काढलं वो, आक्का."

"सण आहे," मी म्हटलं.

नदीवर जाऊन कातळावर बसले आणि पाय पाण्यात सोडले. पाणी अजून गार होतं. ते गार लागेनासं होईपर्यंत मी गळाला गांडूळ लावलं नाही.