एकशिंगी सांबर

भाचीकडे कॅनडाला गेलो, तेव्हा ती मला बर्फावरची हॉकी बघायला घेऊन गेली. थंडी अशी, की चहा प्यायचा नाही, फोडून खायचा. पुढच्या रांगेत एक आजीबाई केसांतल्या पिनेनं नव्या जर्सीवरच्या सांबराचं (तिथल्या थोराड हरणाला मी सांबरच म्हणतो) एक शिंग उसवत होत्या. खेळाकडे ढुंकूनही बघत नव्हत्या.

भाची म्हणाली, "मामा, पहिल्या जर्सी इथल्या बायकांनी घरी विणल्या. गिरणीत हिरवी-पिवळी लोकर उरली होती, तेच संघाचे रंग झाले. पिवळी संपली, म्हणून सांबर एकशिंगी राहिलं. यंदा संघाच्या मालकांनी दुसरं शिंग चढवलंय."

"बरं दिसतंय की," मी म्हणालो. भाचीनं लगेच ते आजीबाईंना सांगितलं.

"त्या म्हणतात, पहिलं सांबर त्यांच्या आईनं विणलं होतं. दोन शिंगांची जंगलात पुष्कळ आहेत."

मला गावची देवी आठवली. तिचं झिजलेलं नाक कुणी नवं बसवायला आला, तर आम्ही त्याचं नाक जागेवर ठेवू का? माणूस देखण्यापेक्षा ओळखीच्या चेहऱ्यासाठी हटून बसतो.

शिंग निघालं. पिन शेजारणीकडे गेली आणि एकेक शिंग उसवत, रांगा ओलांडत माझ्यापर्यंत आली. माझ्या अंगावरची नवी, दोन शिंगांची जर्सी भाचेजावयांची होती. तरी मी पहिला टाका उसवला.