फेसाची वाटी

"अगं ए बाय, वाटी आण की!"

आमच्या दारात म्हैस पिळता पिळता गवळी असा ओरडला की तिकडं स्टँडावर सुटलेली गडहिंग्लजची यष्टी ब्रेक मारायची. हळू बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं. पण पहिल्या धारेचा फेस आमच्या चार वर्षांच्या लेकीला, हा त्याचा नेम. तिला कमी ऐकू यायचं. गल्लीत त्याचाच आवाज तेवढा पोचायचा.

तिचं नाक कायम बंद, तोंड उघडं आणि घोरणं असं की म्हैस पान्हा चोरायची. डॉक्टर म्हणाले, "नाकामागं ॲडिनॉइड वाढलेत, कानांना दडेही त्यानंच बसलेत. पुष्कळ पोरांत ते वयाबरोबर आपोआप बारीक होतात. पण झोपेत श्वास अडत असेल तर काढावे लागतील. नीट बघून सांगा."

"कापाकापी करायची न्हाय मास्तर," दारात हे कळताच गवळी गरजला. "दूध पाजा, हुतंय समदं बरं."

तरी दुपारी तो म्हशीशिवाय आला. निजलेल्या लेकीच्या तोंडासमोर त्यानं तळहात धरला, नुकत्याच जन्मलेल्या रेडकापुढं धरतात तसा. बराच वेळ बसून राहिला. मग जन्मात पहिल्यांदा कुजबुजला, "मास्तर, मधनंच दम अडकतोय हिचा. नेऊया."

ऑपरेशन झालं. पंधरा दिवसांनी दारात पुन्हा तीच आरोळी उठली आणि अख्ख्या गल्लीची कौलं हलली.

लेक वाटी घेऊन बाहेर आली.

"ओरडताय कशाला मामा," ती म्हणाली, "ऐकू येतंय मला."