माझ्या ई-बुकची किंमत आणि बसमधली कॉन्ट्री

मला हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. अजून अंगावर कंपनीचा ड्रेस आहे, पण आधी हे. उद्या लिहायला बसले तर उगाच शहाण्यासारखं लिहीन.

तर मी बोईसरला, एमआयडीसीतल्या एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे. राहते सरावलीला. कंपनीच्या बसमध्ये येता-जाता फोनवर टाइप करून मी एक छोटीशी कादंबरी लिहिली. पॅकिंगच्या लाइनवरच्या मुलींची. म्हणजे आमचीच. बसमध्ये सगळ्यांना माहीत होतं, त्या अधूनमधून माझ्या खांद्यावरून डोकवायच्या आणि माझं नाव चांगलं ठेव हं, म्हणून धमकी द्यायच्या. प्रकाशक शोधायच्या भानगडीत मी पडलेच नाही. थेट ई-बुक. कव्हर मीच केलं, अपलोड केलं, आणि सगळ्यात शेवटी एक रिकामी चौकट समोर आली. किंमत.

तिथे मी जी अडकले ना! अख्खी कादंबरी लिहिताना एवढी अडकले नव्हते. मला एकच पाहिजे होतं, की आमच्या बसमधल्या मुलींनी हे वाचावं. ज्यांच्यावर लिहिलं त्यांनीच नाही वाचलं तर मग काय उपयोग?

स्वतःचं पुस्तक स्वतःच काढणाऱ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यात विचारलं. धो धो सल्ले आले. एक बाई म्हणाल्या, नवीन आहेस, शंभरच्या आत राहा. दुसऱ्या एकाने सांगितलं की फार खाली गेलीस तर त्या वेबसाइटवाल्यांचं कमिशन वाढतं आणि आपल्या हातात चिंचोके येतात. कोणी म्हणे पानं मोजून लाव, कोणी म्हणे आपल्यासारखी बाकीची पुस्तकं बघ आणि त्यांच्यापेक्षा दहा रुपये कमी लाव. ग्रुपमध्ये एक रिटायर्ड काका आहेत, त्यांची बरीच ई-बुकं आहेत. त्यांनी मोठा व्हॉइस मेसेज पाठवला. सुरुवातीला काही दिवस फुकट ठेव, लोक घेतील, दोन शब्द लिहितील, मग हळूच किंमत लाव. इतक्या मायेने बोलले की मला ते एकदम पटलं.

आणि खरं सांगू? मी मनातल्या मनात आमच्या मुलींचे खिसेपण तपासले. बऱ्याच जणी कॉन्ट्रॅक्टवर. खोलीचं भाडं, घरी पाठवायचे पैसे, मोबाइलचा रिचार्ज. त्यांच्याकडून पुस्तकाचे शंभर रुपये कसे घ्यायचे? म्हणून मी फुकट ठेवलं आणि मला स्वतःचंच फार कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये चढल्या चढल्या मी जाहीर केलं, पुस्तक आलं, फुकट आहे, सगळ्यांनी घ्या. मला वाटलं आता कल्ला होणार. काहीच नाही. एक-दोघी हसल्या, बाकीच्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. मला कळेचना काय झालं.

जेवणाच्या सुट्टीत मी ताईला गाठलं. ताई म्हणजे आमच्या बसची पुढारीच. जव्हारकडची. गावाला थोडी शेती आहे, सगळी पावसावर, त्यामुळे दर वर्षी लावणीला गावी जाते आणि परत कामावर येते. बसमधली कॉन्ट्री तिच्याकडे असते. कुणाचं लग्न, कुणाचं डोहाळजेवण, उन्हाळ्यात कुल्फी, काहीही असलं की ताई प्रत्येकीकडून दहा-दहा रुपये काढते. कोणाकडे नसले तर दुसरी गुपचूप भरते, पण कॉन्ट्रीत नाव नाही असं कोणाचंच होत नाही. जी नुसतंच खाते तिला महिनाभर टोमणे.

ताईने डबा बाजूला सरकवला आणि पिशवीतून नोटांची एक पुरचुंडी काढली.

"ही बघ. तुझ्या बुकासाठी काढलेली. आता काय करू हिचा? समोसे आणू?"

मी म्हटलं, "अगं ताई, मला वाटलं तुम्हाला जड जाईल."

"तुला कोनी सांगितला? आमी बोललो का परवडत नाय? पोरी नेलपॉलिश घेतात, तेवा तू दुकानवाल्याला सांगतेस का, फुकट दे म्हणून?" मग म्हणाली, "बाहेरच्याला जेवढ्याला देशील ना बाय, तेवढ्यालाच आमाला दे. आमी काय वेगळ्या हाय का?"

ताईने आपल्या डब्यातली भाकरी मोडून माझ्या झाकणात टाकली, म्हणजे भांडण संपलं.

घरी येऊन पहिल्यांदा मी कुणाच्या खिशाचा विचार न करता फक्त पुस्तकाचा विचार केला. एवढंच पुस्तक दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी किती दिले असते, नंतर हळहळ न वाटता? एकशेवीस. लावली किंमत. काकांना घाबरत घाबरत कळवलं. ते म्हणाले, "तुझे वाचक तू ओळखतेस, मी नाही." किती छान ना? बरोबर आहे का एकशेवीस, ते मला आजही माहीत नाही. पुण्याच्या एका वाचकाने लिहिलंय की पानांच्या मानाने महाग आहे. असेल बाबा.

तर कॉन्ट्रीतून पुस्तक घेतलं. एक. हो, एकच! ताईच्या फोनवर. मी मनात अख्ख्या बसला एकेक विकून मोकळी झाले होते, आणि त्यांचं पहिल्यापासून ठरलेलं, एक घ्यायचं आणि मोठ्याने वाचायचं. मागच्या सीटवरच्या एकीचा आवाज खणखणीत आहे, ती वाचते. कंपनीचं गेट आलं की जिथे असेल तिथे थांबते. बाकीच्या सतत मधे बोलतात. ही एवढी रडते कशाला, चेंजिंग रूममध्ये रडायला वेळ कुठे असतो, हिला लाइनवर पाठवा एकदा. परवा वाचणारी सुट्टीवर होती, तर ड्रायव्हरने आरशातून विचारलं, "आज किताब नहीं है क्या?" मी खिडकीशी बसून सगळं ऐकत असते आणि कुठेच बघत नाही.

आणि आता आजचं, ज्याच्यासाठी हा सगळा पसारा. ताई उद्या गावी निघाली, लावणीला. तिचा फोन तिच्याबरोबर जाणार आणि पुस्तक अर्ध्यावर. परतीच्या बसमध्ये केवढी चर्चा! फोन ठेवून जा, असंही एकीने सुचवून बघितलं. शेवटी ताई उठली आणि हात पुढे करून सीटा-सीटांवरून फिरली. दहा-दहा रुपये. माझ्यापाशी आली तेव्हा मीपण नोट काढली.

"तू नको," ती म्हणाली.

"का? मी काय वेगळी आहे?"

बस हसली, आणि ताईने माझी नोट घेतली. सरावलीला उतरायच्या आत खणखणीत आवाजवालीच्या फोनवर दुसरं पुस्तक आलं. ताई म्हणते, उरलेलं ती गावी एकटीच वाचेल, हळूहळू, आणि आल्यावर आम्हाला शेवट सांगणार नाही.

बसमध्ये माझी एकूण विक्री दोन.

तुम्ही कधी काही विकलंय का हो, पुस्तक, लोणचं, शिवणकाम, काहीही? तेव्हा समोरच्याला परवडणार नाही असं तुमचं तुम्हीच ठरवून टाकलं होतं का? आणि मग त्यांनी तुम्हाला काय सुनावलं?