बोटभर माती

वरच्या मजल्यावरच्या मावशींनी ह्यांची नोकरी आणि आमची अब्रू वाचवली, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे मी त्यांच्याबद्दल जे बोलणार आहे ते वाचून तुम्ही म्हणाल, केवढी कृतघ्न बाई! पण उपकार उपकाराच्या जागी आणि छळ छळाच्या जागी. आणि छळाच्या बाबतीत आमच्या बागबाजारच्या गल्लीतच काय, खिदिरपूरपासून न्यू टाउनपर्यंत अख्ख्या कलकत्त्यात मावशींचा हात धरणारं कुणी असेल, असं मला वाटत नाही.

मावशी माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत. त्या मराठी, पण जन्मानं कलकत्त्याच्या. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. मराठी बोलतात ते छापल्यासारखं, आणि मध्येच "चहा खाऊन जा" म्हणतात, कारण बंगालीत चहा, पाणी, विडी सगळं खायचंच असतं. मी आटपाडीकडची. आमच्याकडची माणसं सोनं गाळायच्या कामाला देशभर जातात, तसे आमचे हे इथे बहूबाजारच्या सोनारपट्टीत एका गलाईच्या दुकानात आहेत. लग्न होऊन आले तेव्हा मला जिना उतरायचीसुद्धा धास्ती वाटायची. भाषा येत नाही, रस्ते कळत नाहीत आणि हे दिवसभर भट्टीपाशी. पहिल्याच भेटीत मावशींनी विचारलं, "शिकलीस किती?" म्हटलं, नववीत शाळा सुटली. त्यांनी कपाळाला हात लावला. "नववीत? अगं, म्हणजे तुझा मान्सून राहिला की!" कुणी गेल्याची बातमी ऐकावी तसा चेहरा केला त्यांनी. माझा राहिलेला मान्सून भरून काढायचं काम त्यांनी दुसऱ्याच दिवशी गच्चीवर सुरू केलं आणि त्याची दक्षिणा म्हणून माझ्याकडून पाण्याच्या बादल्या वाहून घेतल्या. त्या अजून वाहतेय. मान्सून अजून केरळातच आहे.

आता गच्चीचं सांगते. कालीपूजा झाली की इथे रोपवाले गल्लीत हाळ्या देत येतात. शहाणी माणसं तयार रोपं घेतात, कुंड्यांत लावतात आणि नाताळला गच्ची फुलून जाते. शेजारच्या गच्चीवरचे बंगाली गृहस्थ असेच शहाणे आहेत. आयुष्यभर त्यांनी बँकेत काम केलं, पण मावशी त्यांचा उल्लेख "ते नर्सरीवाले" असाच करतात. "आयतं रोप घेणं म्हणजे चौथीतलं मूल दत्तक घ्यायचं आणि बालवाडीचं श्रेय लाटायचं," असं त्यांचं मत. बी घरचं हवं, मागच्या वर्षीच्या फुलातून आपल्या हातानं धरलेलं हवं, आणि ते उघड्या गच्चीवर, भर थंडीतच पेरलं पाहिजे. थंडी कधी आली हे ठरवणार कोण? तर खोबरेल तेल. कार्तिक लागला की मावशी रोज पहाटे तेलाची बाटली उलटी करून बघतात. तेल वाहतंय तोवर पेरणी नाही. "थंडी पंचांगात नसते, बाटलीत असते," असं म्हणतात. एका वर्षी तेल काही केल्या थिजेना. नर्सरीवाल्यांचे डेलिया ताटाएवढे झाले तरी आमच्याकडे नुसत्या मातीच्या रांगा. ते गृहस्थ कठड्यावरून हसून म्हणाले, "दीदी, या वर्षी मातीचंच प्रदर्शन का?" मावशी म्हणाल्या, "हो, आणि तिकीट काढून बघा."

या मातीपायी मी काय काय सोसलंय! मावशींचे गुडघे दुखतात, म्हणून माती आणायची मी. तीही गंगेच्या घाटावरची, आणि त्यातही पायऱ्यांच्या डाव्या अंगाची, कारण उजवीकडची "आळशी" असते. ती चाळायची माझ्या पिठाच्या चाळणीनं. खतासाठी मोहरीची पेंड भिजत घालायची माझ्या दारात, कारण वास त्यांना सोसत नाही. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले की खालून आवाज येतो, "तुझ्या लुगड्याची सावली पडतेय!" लुगडं मी नेसतच नाही, पण साडीपासून ह्यांच्या बनियनपर्यंत सगळ्याला त्या लुगडंच म्हणतात. पेंड आणायला पाठवताना मला बंगालीत भाव कसा करायचा ते शिकवलं आणि वर सांगितलं, "घासाघीस जमली नाही तर परत ये, पण पेंडीशिवाय येऊ नकोस." याचा अर्थ काय करायचा, हे मी बाजारात उभी राहून बराच वेळ विचार करत होते. रडू यायला लागलं तेव्हा पेंडवाल्यानंच भाव कमी केला.

आणि पेरणी म्हणजे तर सोवळ्यातला स्वयंपाक. पिटुनियाचं बी तुम्ही पाहिलंय का? धूळ असते हो नुसती. ते बारीक राखेत मिसळून चिमटीनं भुरभुरवायचं, वर माती घालायची नाही. मावशी मोठ्या टबांमध्ये फ्लॉक्स, डायान्थस, लार्कस्पर असल्या हिवाळी फुलांचं बी अगदी वरच्या थरात पेरतात आणि त्याच्यावर पिटुनिया. "एका टबात दोन बिऱ्हाडं, आपल्या घरासारखी." त्या वेळी गच्चीवर कुणी बोलायचं नाही, मोठ्यानं श्वास घ्यायचा नाही. मी एकदा नाक चोळलं तर म्हणाल्या, "शिंकायचं असेल तर रस्त्यावर जा." बी शिल्लक ठेवायचं नाही, एकूण एक पेरायचं, कारण शिळ्या बियांवर त्यांचा विश्वास नाही. पेरणीपर्यंत पिटुनियाची पुडी तेवढी आमच्या फडताळात ठेवलेली असायची, कारण चुलीमागच्या भिंतीत ओल नसते. कागदाची पुडी, दोऱ्यानं बांधलेली. मला काय माहीत, हीच पुडी पुढे आमच्या मुळावर येणार आहे!

झालं असं. सोनार कानस मारतात तेव्हा सोन्याचे कण उडतात आणि जमिनीवरच्या धुळीत मिसळतात. ती धूळ झाडून, राखून गलाईवाल्याकडे पाठवतात. तो ती धुऊन, गाळून सोनं काढून देतो. एका संध्याकाळी ह्यांनी एका कारागिराकडून अशी धूळ घेतली, तोवर आमच्या शेठचं दुकान बंद झालेलं. सकाळी देऊ म्हणून तसलीच दोऱ्यानं बांधलेली पुडी घरी आणली आणि डब्यामागे फडताळातच ठेवली. पहाटे जिन्यात आरोळी झाली, "थिजलं! थिजलं!" मी मोरीत होते. मावशी आल्या, फडताळात हात घातला, पुडी घेतली आणि वर गेल्या. दोन-अडीच तासांनी ह्यांनी दुकानात जायला उरलेली पुडी आपलीच समजून काढली. हलकी लागली म्हणून उघडली. धूळ दिसली की हलकी फुंकर मारून खाली सोनं चमकतंय का बघायचं, ही आमच्या लोकांची जन्माची सवय. ह्यांनी फुंकर मारली. मावशींचा सगळा पिटुनिया खिडकीतून ट्रामच्या दिशेनं निघून गेला.

पुडीत काही चमकलं नाही. हे पांढरेफटक पडले. आमच्या धंद्यात सोनं चुकलं म्हणजे नुसती नोकरी जात नाही, माणूस जातो. एकदा संशय आला की मद्रासपासून कलकत्त्यापर्यंत कुठली भट्टी त्याला उभं करत नाही, आणि गावात आईबापाला मान खाली घालावी लागते. आम्ही दोघं गच्चीवर धावलो. सगळी पेरणी उरकून मावशी झारी खाली ठेवत होत्या. सगळ्या टबांची माती ओली, काळी, तृप्त दिसत होती.

ह्यांनी कसंबसं सांगितलं. मावशींनी आधी कांगावा केला. "कचरा कुणी फडताळात ठेवतं का, जावईबापू? आणि माझं बी कुठाय?"

"उडालं."

"उडालं म्हणजे?"

"मी फुंकलं, मावशी."

मावशींनी माझ्याकडे बघितलं, जणू मीच ह्यांना फुंकर मारायला शिकवलं होतं. मग म्हणाल्या, "यातून सोनं निघेल का परत?"

"निघेल. वरची माती काढून धुवावी लागेल. सगळ्या टबांची."

"किती खोल?"

"बोटभर."

मावशींनी टबांच्या रांगेवरून नजर फिरवली. मग हळूच म्हणाल्या, "अरे, बोटभरातच तर सगळं आहे."

मी हात जोडून उभी होते. मागावं कुठल्या तोंडानं? खाली रस्त्यावर ट्राम खडखडत गेली. मावशींनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला आणि वाकता येत नसताना वाकून पहिल्या टबातली माती स्वतःच्या हातानं खरवडून परातीत टाकली. "बघत काय उभी राहिलीस? पाणी आण."

दुपारपर्यंत आम्ही माती धूत होतो. हे परात हलवायचे, मी पाणी ओतायची, मावशी खुर्चीत बसून चुका काढायच्या. "हळू ओत! अशानं ब्रह्मपुत्रेलासुद्धा पूर येईल." हलकं होतं ते सगळं पाण्याबरोबर पन्हाळीतून वाहून गेलं. शेजारचे गृहस्थ कठड्याशी येऊन विचारू लागले, "दीदी, हे काय चाललंय?" मावशी ताठ बसून म्हणाल्या, "सोनार चाष कोरछि." सोन्याची शेती करतेय! ते बिचारे हसत हसत आत गेले. परातीच्या तळाशी शेवटी पिवळी रेघ दिसली तेव्हा ह्यांनी तो गाळ निथळून परत पुडीत बांधला. माल संध्याकाळच्या आत दुकानात पोचला. शेठ उशिराबद्दल दोन शब्द बोलला आणि गाळायला घेतला. एवढंच. आमचं सगळं आयुष्य त्या दोन शब्दांवर निभावलं.

त्या हिवाळ्यात मावशींची गच्ची रिकामी राहिली. मी म्हटलं, बाजारातून बियांची पाकिटं आणते. "पाकिटातलं नको," म्हणाल्या. मला वाटलं, हट्ट. त्यांच्या बाकीच्या हट्टांसारखा. मनात चिडलेसुद्धा. म्हटलं, म्हातारी आम्हाला आयुष्यभर टोचून खाणार. पण त्या एका शब्दानं टोचल्या नाहीत, आणि टोमण्यांची सवय झालेल्या माणसाला तेच जास्त जड जातं. थंडी संपता संपता एकदा त्यांच्याकडे चहा खात बसले होते. शेजारचे डेलिया बघत त्या सहज बोलून गेल्या, "आईचा फ्लॉक्स या दिवसांत यायचा." त्यांचे वडील गोदीत नोकरीला होते. आईनं क्वार्टरच्या अंगणात पहिल्यांदा पेरला, आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात फुलातून बी, बियांतून फूल, एकही वर्ष न चुकता. आई गेली त्या वर्षीसुद्धा पेरणी झाली होती. ती साखळी आमच्या परातीतून वाहून गेली होती. मी रडायला लागले तर म्हणाल्या, "रडतेस कशाला? गेलं ते बीच होतं. माणूस गेला असता तर काय केलं असतंस? कप धुऊन ठेव."

त्यांनीच मग कधीतरी सांगितलं की, पूर्वी बदली होऊन जाणाऱ्या मराठी कुटुंबांना त्या निरोपाला म्हणून आईच्या फ्लॉक्सच्या बियांची चिमूट द्यायच्या. कुणी नागपूरला गेलं, कुणी भोपाळला, कुणी कुठे. पत्ते राहिले नाहीत. तेव्हापासून मी, माणसांसमोर तोंड न उघडणारी बाई, इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला, गणपतीला, भेटेल त्या प्रत्येकीला विचारते: तुमच्या ओळखीत कुणी कलकत्त्याहून बदलून गेलेलं आहे का, आणि त्यांच्या अंगणात हिवाळ्यात फ्लॉक्सचे गुलाबी झुपके येतात का? बायका माझ्याकडे विचित्रच बघतात. बघू देत. मावशींना यातलं काही माहीत नाही. कळलं तर "मराठी नीट बोलतेस ना तिथे?" एवढंच विचारतील. पण कुठल्या तरी गावात, कुणाच्या तरी दारात ते फूल अजून येत असणार. ते मला सापडेल. लागेल तेवढी वर्षं लागू देत, मावशी, तुमच्या आईचं बी मी तुमच्या हातावर आणून ठेवीन.