बेल्ट काखेतून घ्यायची युक्ती माझी होती

श्रावणातल्या एका सोमवारी, मिरजेच्या हॉस्पिटलात, मी गप्प बसले. एरवी माझ्याबद्दल घरात उलटीच तक्रार असते, शाळेतली बाई ना मी... पण त्या दिवशीचं ते गप्प बसणं अजून मनातून जात नाही.

आत आयसीयूत सुवर्णा होती, माझी धाकटी नणंद. ती कवठे महांकाळ तालुक्यात जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला आहे, वाड्यावस्त्यांवर जाऊन मेंढरांना लस टोचते. सकाळी कामावर जाताना पुढची पिकअप एकदम थांबली आणि ब्रेक दाबूनही हिची गाडी मागून आदळली.

एअरबॅग उघडली. तोंडाला खरचटलंसुद्धा नाही... पण उजवीकडच्या तीन बरगड्या मोडल्या आणि लिव्हरला मार लागून आत रक्त साचलं.

डॉक्टरबाईंनी बाहेर येऊन विचारलं, बेल्ट खांद्यावरूनच घेतला होता ना, वळ खाली दिसतायत. माझे मिस्टर म्हणाले, "लावला होता की नीट." मी फरशीकडे बघत राहिले.

मला सगळं माहीत होतं हो! आम्ही दोघी नणंद-भावजय बुटक्या. मी चार फूट दहा इंच, ती माझ्याहून बोटभर कमीच. गाडी तिला मीच शिकवली. बेल्ट मानेला घासायचा, माझ्या मंगळसूत्रात अडकायचा, लाल वळ उठायचे... म्हणून मी युक्ती काढली होती, पट्टा सरळ काखेतून घ्यायचा. गाडीची पिपाणी बंद, पोलीस खूश, मान मोकळी. आणि पुढचा रस्ता दिसावा म्हणून सीटवर घोंगडं चौपदरी घालायचं. घर मेंढपाळांचं, आमच्याकडे घोंगड्यांना काय तोटा! फार शहाणी समजत होते मी स्वतःला.

हॉस्पिटलच्या जिन्यात आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, कपाळाला हात लावून बसल्या होत्या. "त्या पट्ट्यानंच माझी पोर कापली," त्या म्हणाल्या. "आजपासनं आपल्या घरात कुणी पट्टा लावायचा न्हाई." मिस्टरांनी मान डोलावली. तरीही मी गप्पच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं लेकीला घेऊन घरी कपडे आणायला निघालो. यांनी बेल्ट पाठीमागून नेऊन खटक्यात अडकवला आणि त्याच्यापुढे बसले. मागे वळून आमच्या लेकीलाही म्हणाले, "तू पण काढ गं ते." तिनं लगेच काढला... सात वर्षांची आहे ती.

तेव्हा मात्र द्राक्षबागेच्या कडेला मी गाडी थांबवायला लावली आणि सगळं सांगून टाकलं. युक्ती माझी. शिकवलं मी. ती ऐकायची माझं, म्हणून आज ती आत पडलीये.

यांनी स्वतःचा बेल्ट नीट लावला, उतरून लेकीचा लावला, आणि मिरजेला परत गाडी वळवली. "डॉक्टरला सांग. आईलाबी तूच सांग," एवढंच बोलले.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. पट्टा खांद्याच्या आणि कमरेच्या हाडावरून गेला तर दणका हाडं सोसतात, काखेतून घेतला की तो सगळा बरगड्यांवर येतो, असं त्यांनी आत्यांनाही समजावलं. खालचं घोंगडं सरकलं की कमरेवरचा पट्टा पोटावर चढतो, हेही सांगितलं. आत्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं... त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर शेजारी बसायला जागा केली. "घोंगडं मीच दिल्तं गं गाडीत टाकायला," म्हणाल्या, आणि ढसाढसा रडल्या. मीही रडले. दोघींनीही त्या डब्यातलं काही खाल्लं नाही.

ऑपरेशन झालं, सुवर्णा वाचली. देवाचे आणि त्या डॉक्टरबाईंचे उपकार.

ती घरी आली, तिची गाडीही दुरुस्त होऊन आली, तेव्हा गॅरेजवाल्याला बोलावलं. त्यानं दाराजवळच्या खांबावर, पट्टा जिथून निघतो तिथलं बटण दाबून ती कडी खाली सरकवली. सीटच्या बाजूचा दांडा ओढून सीट वर घेतली. पाय पेडलला पोचतील एवढीच पुढे, छाती स्टिअरिंगपासून वीतभर तरी लांब. पाच मिनिटांचं काम... दोन वर्षं गाडी दारात उभी होती, पण त्या बटणाला आमच्यापैकी कुणी हात लावला नव्हता. काही गाड्यांना ते नसतंही म्हणे. घ्यायच्या आधी आत बसून बघा, एवढंच सांगते. आणि माझी ती युक्ती कुणी माझ्याकडून ऐकली असेल, तर हात जोडते, आजच सोडा.

परवा सुवर्णा पहिल्यांदा कामावर निघाली. आम्ही सगळे अंगणात. ती सीटवर बसली, पट्टा ओढला, आणि ऑपरेशनच्या जागेवर हात ठेवून थोडा वेळ तशीच थांबली. मी लांबच उभी होते. माझी जवळ जायची छाती होत नव्हती.

काच खाली झाली. "वैनी, लांब का? या की हिकडं. नीट आलाय का बघा जरा."

तिथं तिचा सख्खा भाऊ होता, आई होती. तरी तिनं मलाच विचारलं... पट्टा खांद्याच्या मधोमध होता, खालचा कमरेला घट्ट. "आलाय," म्हणाले, आणि दार लावून घेतलं. पोरी, हे ऋण माझ्यानं या जन्मात फिटायचं नाही.