पाहुण्यांचा नववा कप्पा

माझी नात सातपूरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मशीनला अक्कल घालायचं काम करते. मी चौथी शिकलेली, मला तेवढंच समजतं. द्राक्षांच्या हंगामात तिचं पहिलं मशीन पिंपळगावच्या एका पॅकहाऊसमध्ये बसलं आणि आठवड्यातच मालकाचा फोन आला, "पट्टा येड्यागत पळतोय. आज नीट झालं नाय तर मशीन उचलून न्या." परत आलं असतं तर दुसरं मशीन तिच्या हाती कोणी दिलं नसतं. मला बहिणीकडे पिंपळगावलाच जायचं होतं, म्हणून मीही तिच्या गाडीत बसले.

बघते तर घड पट्ट्यावरून उडत होते आणि बाया पदर पसरून झेलत होत्या.

एरवी बाया घड निवडून आठ कप्प्यांत टाकायच्या आणि कुठल्या कप्प्यात किती वजन गेलं ते मशीन लक्षात ठेवायचं. नातीने लॅपटॉप जोडला, बराच वेळ बघितलं.

"काका, हा नववा कप्पा कोणी वाढवला?"

"मी. पाव्हण्यांना फुकट जाणारा माल वेगळा नको मोजायला? बटण दाबलं, घेतला की मशीननं."

नातीने कपाळाला हात लावला. मला म्हणाली, "आजी, मशीनच्या डोक्यात मी आठच वजनांना जागा दिली होती. नववं शेजारच्या जागेत लिहिलं गेलं. तिथे पट्ट्याचा वेग होता. पाहुण्यांची द्राक्षं वाढली, की पट्टा पळतो."

"आणि मशीन गप्प बसलं?"

"मी ज्या भाषेत लिहिते ती काही विचारत नाही. सांगू तिथे लिहून मोकळी होते."

"मग असली भाषा घ्यावीच कशाला?"

"वेगवान असते."

"ते दिसलंच," मी म्हटलं.

मालक म्हणाला, "दुसऱ्याच्या घरात घुसणारं मशीन मला नको." नातीचं तोंड एवढंसं झालं. मी तिची समजूत काढली नाही. लिहिताना जागा बघायची तिने, मी नाही.

तिने थोडा वेळ मागितला. लिहिण्याआधी जागा आहे का ते बघ, नसेल तर नकार दे, असं मशीनला शिकवलं. पट्टा बैलगाडीच्या चालीने चालू लागला. मालकाने पाहुण्यांचं बटण दाबलं. मशीन पीं करून वाजलं, पडद्यावर अक्षरं आली: जागा नाही.

"अन् पाव्हण्यांचं काय?"

"जागा वाढवून देते काका. जेवणाआधी होईल."

तेवढ्यात फाटकात टेम्पो वाजला. मालकाचा मेहुणा रिकामे क्रेट घेऊन उतरत होता. मालकाने त्याच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे.

"थांब ताई. हात नको लावू."

मेहुण्याला खांद्याला धरून त्याने मशीनपुढे आणलं. "वाचा पाव्हणं. माझी लय इच्छा हाय, पण हे घेतच नाय."

मेहुण्याने दोनदा वाचलं. "दाजी, असलं भिकार मशीन परत का देत नाही?"

"छ्या!" मालक म्हणाला. "हे परत द्यायचं व्हय?"